ओंजळीपुरती ऊब

यशोधराताई ढोके यांच्या बोटीच्या मागच्या बाजूला देवनागरीत ‘चवदार’ असं लिहिलेलं आहे. निळी, किंचित वाकडी अक्षरं. धक्क्यावर पालथं पडून, हात खाली सोडून त्यांनी ती स्वतः रंगवली, त्यामुळे शेवटचा ‘र’ पाण्याकडे जरा झुकलाय. टोरोंटोच्या पूर्वेला, स्कारबरोच्या उंच कड्यांखाली बोटी लावायचं एक मरिना आहे, तिथल्या बाकीच्या बोटींना पक्ष्यांची, वाऱ्यांची आणि कुणाकुणाच्या बायकांची नावं आहेत. शेजारच्या बोटीवर डॉरीन राहते. आयुष्यभर सिटी बस चालवून ती निवृत्त झाली. तिने पहिल्याच दिवशी नावाचा अर्थ विचारला. ताई घाईत होत्या, म्हणाल्या, टेस्टी. तेव्हापासून डॉरीन त्या बोटीला टेस्टी म्हणते. नावामागचं तळं तिला कळायला एक हिवाळा जावा लागला.

ताई नॉर्थ यॉर्कला एका पेन्शन ऑफिसात काम करतात. परत आलेल्या फाइली का परत आल्या, ते शोधायचं हे त्यांचं काम. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, चष्म्याला दोरी लावणारी ही बाई आमच्या आंबेडकरी असोसिएशनच्या कार्यक्रमांत नेहमी शेवटी दिसायची, कारण हॉलचे दिवे बंद करून निघणं तिने आपणहून स्वतःकडे घेतलं होतं. कुठलीही गोष्ट वाया गेलेली त्यांना बघवत नाही. दह्याचे डबे धुऊन ठेवतात, फॉइल पुसून घडी घालतात. आणि त्यांच्या हातची भाजी कुणी नावाजली की एकच उत्तर देतात: मंद आच. भाजी मंद आचेवर, दूध मंद आचेवर, वरणाची फोडणीसुद्धा ज्योत बारीक करूनच. मोठी ज्योत म्हणजे त्यांच्या लेखी उधळेपणा.

मुलगा ओजस ओटावाजवळ कनाटाला नोकरीला लागला आणि भाड्याचं अपार्टमेंट त्यांना मोठं वाटायला लागलं. शीड हाकायला त्या आधीच शिकल्या होत्या. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने उन्हाळ्यात एका क्लबात नेलं होतं, तिथे त्यांचा जीव रमला. चंद्रपूरला लहानपणी पाण्याकडे जायचं म्हणजे भांडं घेऊन जायचं. रिकाम्या हातांनी पाण्यावर जाता येतं, हे आपल्याला चाळिशीनंतर कळलं, असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. त्यांनी जुनी बोट घेतली आणि सामान घेऊन तिच्यावर राहायलाच गेल्या. ओजसने फोनवर एवढंच म्हटलं, “आई, नॉर्मल पीपल बाय अ कॉन्डो.”

हिवाळ्यात मरिनातल्या बहुतेक बोटी क्रेनने उचलून जमिनीवर ठेवतात. ज्यांवर माणसं राहतात त्या थोड्या पाण्यातच राहतात, पारदर्शक प्लॅस्टिकचा तंबू पांघरून. बोटीखाली हवेचे बुडबुडे सोडणारं एक यंत्र असतं, त्यामुळे भोवती बर्फ धरत नाही. धक्क्यावरून वीज येते आणि तिच्यावर साधा इलेक्ट्रिक हीटर चालतो. पण ती वायर धक्क्याइतकीच लांब. धक्का सोडून पाण्यावर जायचं तर बोटीची स्वतःची ऊब लागते. ती ऊब म्हणजे मागच्या कप्प्यात बसवलेला डिझेलचा हीटर: एक लहानशी लोखंडी पेटी, जी थेंब थेंब डिझेल पिते, आत जाळते, धूर बाहेर सोडते आणि पंख्याने गरम हवा केबिनमध्ये ढकलते. तिच्या पंपाचा टक् टक् आवाज येत असतो. बोटीवर राहणारी माणसं त्या आवाजाकडे कान ठेवूनच जेवतात, वाचतात, झोपतात.

आणि तो आवाज मधेच थांबतो. बोटीवाल्यांना एकत्र बसवलं तर इतर लोक गुडघेदुखीबद्दल जितकं बोलतात तितकं हे हीटरबद्दल बोलतात. कुणाचा ऐन थंडीत बंद पडला, कुणी कुठल्या कंपनीचा काढून कुठल्या कंपनीचा बसवला, कुणाचा पुन्हा बंद पडला. डॉरीनकडे जुन्या पद्धतीची डिझेलची शेगडी होती, ना पंखा, ना वायर. ती या चर्चांत फक्त हसायची.

ताईंचा हीटर बंद पडायचा. त्याची त्यांना फिकीर नव्हती, धक्क्यावरची वीज होती. फिकीर सुरू झाली ती जनार्दनकाकांमुळे.

जनार्दन मेश्राम म्हणजे आमच्या असोसिएशनचे सगळ्यांत जुने सभासद. उमरेडकडचे. ओटावाला सरकारी नोकरीत उभी हयात गेली, आता रिचमंड हिलला मुलीकडे, विजयालक्ष्मीकडे राहतात. दरवर्षी वीस मार्चला महाडच्या सत्याग्रहाची आठवण म्हणून लायब्ररीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो. वंदना होते, भाषणं होतात आणि शेवटी सगळे एकदम उभे राहून पाणी पितात. ही पद्धत काकांनीच सुरू केलेली. जानेवारीतल्या मीटिंगमध्ये हॉलचं बुकिंग निघालं, तेव्हा काका म्हणाले, “तळ्यावरचा दिवस आपण प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर साजरा करतो. एवढा मोठा तलाव पडलाय बाजूला. मले एकदा पाण्यावर न्या.”

सगळे हसले. मार्चमध्ये लेक ऑन्टॅरिओवर कोण जातं? ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी नेते.

अडचण काकांच्या हातांची होती. थंडी लागली की त्यांची बोटं पांढरीफटक पडतात, रक्त पोचत नाही. डॉक्टरांनी बजावलेलं, हातांना थंडी लागू द्यायची नाही. घराच्या दारापासून गाडीपर्यंतसुद्धा ते दोन जोड हातमोजे घालून जातात. विजयाताईंनी सुचवलं की बोटीवर जा, पण मोजे काढायचे नाहीत, पाणी मी पाजीन. काकांनी मान हलवली.

“पोरी, मोजे घालून ओंजळ होत असते का?”

काकांना पाणी ओंजळीने प्यायचं होतं. स्वतःच्या, उघड्या हातांच्या. त्यापेक्षा कमी काही त्यांना नको होतं, आणि पुढच्या वर्षाची गोष्ट करायच्या वयात ते राहिले नव्हते. तेव्हा विजयाताईंनी अट घातली: केबिन इतकी गरम पाहिजे की मोजे काढले तरी चालेल. आणि ते त्या स्वतः आधी बघणार.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी, विजयाताई बोटीवर आल्या. मीही होते, कार्यक्रमाचे फोटो माझ्याकडे असतात म्हणून. ऊन पडलं होतं, कडाका मोडला होता, वरच्या प्लॅस्टिकवरून बर्फाच्या कांड्या सुटून टपटप पडत होत्या. ताईंनी धक्क्यावरची वायर काढली. आता सगळं डिझेलच्या हीटरवर. टक् टक् सुरू झालं, पंख्याने लहान विमानासारखा आवाज धरला, गरम हवा पायांशी आली. चहा झाला. ताईंनी कप भरले आणि तेवढ्यात टक् टक् थांबलं. पंखा थोडा वेळ फिरला आणि तोही थांबला. पुन्हा सुरू केला, बाहेर पांढरा धूर निघाला, पुन्हा थांबला. थोड्या वेळाने आमच्या तोंडाची वाफ दिसायला लागली.

विजयाताई रागावल्या नाहीत. चहा संपवून कप विसळला, कोट चढवला. मग म्हणाल्या, “ताई, ते लहान मुलासारखं दिवस मोजतायत. मी त्यांना काय सांगू?”

खाली बघत ताई वायर पुन्हा जोडत होत्या.

त्यानंतरचा आठवडा सल्ल्यांचा. धक्क्यावर जो भेटेल त्याच्याकडे एक कारण होतं. कुणी म्हणालं बॅटरी कमजोर, हीटर पेटताना फार वीज ओढतो. ताईंनी जाड वायर टाकून घेतली. कुणी म्हणालं डिझेल उन्हाळ्यातलं आहे, थंडीत घट्ट होतं. ताईंनी टाकी उपसून हिवाळी डिझेल भरलं. कुणी म्हणालं फिल्टर. नवा फिल्टर आला. असोसिएशनच्या ग्रुपवर कुणीतरी विंटर टायर्सचं उदाहरण देऊन लिहिलं की कॅनडात थंडीपुढे कुठलंच मशीन टिकत नाही. ओजस म्हणाला, “जस्ट रिप्लेस इट, आई.” हीटर मात्र दोन दिवस बरा चालायचा आणि पुन्हा रुसायचा.

मग ताईंनी सल्ले ऐकणं थांबवलं आणि ऑफिसात करतात ते केलं. फाइल का परत आली, हे शोधताना त्या आधी विचारतात, कुठली परत आली नाही? हीटर कधी बंद पडला नाही? नाताळनंतर जो भयानक गारठा पडला होता, मरिनाचं ऑफिससुद्धा बंद होतं आणि धक्क्यावरची वीज गेली होती, तेव्हा तो रात्रंदिवस चालला होता. तक्रार नाही, धूर नाही. मग बंद कधी पडला? विजयाताई आल्या त्या उन्हाच्या दुपारी. त्याआधी, बर्फ वितळून धक्का निसरडा झाला होता तेव्हा. जेव्हा जेव्हा त्या स्वेटर काढून बसल्या होत्या, तेव्हा तेव्हा. सगळे थंडीला दोष देत होते आणि हीटर मरत होता तो उबेत.

कडाक्याच्या त्या दिवसांत त्यांनी नाइलाजाने हीटरचं बटण पूर्ण वर नेलं होतं. एरवी ते कायम सगळ्यांत खाली असायचं. डिझेल वाचतं, यंत्रावर ताण येत नाही. मंद आच.

रविवारी त्यांनी पेटी उघडली. डॉरीन कॉफी घेऊन पायऱ्यांवर बसली होती, मी टॉर्च धरला होता. ज्योत जिथे पेटते ती नळी हाताच्या मुठीएवढी, आणि तिच्या आतून काजळीचा थर. नुसता लेप नव्हे, खरवडून काढावा असा, चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला असतो तसा. डिझेल मंद जळतं तेव्हा पुरतं जळत नाही. उरलेलं काजळी होऊन आत बसतं, आणि हळूहळू श्वासाची वाट बुजवून टाकतं. ताईंनी बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

डॉरीनने विचारलं की किती दिवस तू याला सगळ्यांत खाली चालवतेस. ताई म्हणाल्या, पहिल्यापासून. डॉरीनने कॉफीचा घोट घेतला. “हनी, यू'व्ह बीन स्टार्व्हिंग इट.”

तिने मग धक्क्यावरची जुनी रीत सांगितली. असल्या हीटरला रोज थोडा वेळ पूर्ण ताकदीने पळवायचं, म्हणजे आतली काजळी जळून जाते. केबिन फार तापली तर त्याला कमी करायचं नाही, खिडकी उघडायची.

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. हीटर चालू आणि खिडकी उघडी? कॅनडात? मला वाटतं, त्या क्षणी तिने बोटीला आग लाव म्हटलं असतं तरी ताईंना इतका धक्का बसला नसता. ज्या बाईने मुलाला आयुष्यभर दार लाव, दार लाव म्हणून हैराण केलं, तिने बाहेर बर्फ असताना छतातली झडप उघडून तलावाला ऊब द्यायची होती.

काजळी खरवडून, नळी साफ करून, पेटी पुन्हा बसवायला संध्याकाळ झाली. बटण वर नेलं. पंखा असा घोंगावला की डॉरीनने टाळ्या वाजवल्या. केबिन तापली. ताईंनी स्वेटर काढला, मग पायमोजे काढले, मग बराच वेळ वरच्या झडपेकडे बघत बसल्या. शेवटी उठून त्यांनी ती उघडली, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्यानंतर रोज ऑफिसातून आल्यावर त्या हीटर पूर्ण ताकदीने पळवायच्या, खिडकी उघडी टाकून. पहिले काही दिवस त्या वेळात त्या बोटीवर थांबतच नसत. बघवत नाही म्हणून डॉरीनकडे जाऊन बसायच्या. तिथेच कधीतरी त्यांनी तिला चवदार तळ्याची गोष्ट सांगितली. जनावरं ज्या तळ्याचं पाणी पीत, तिथे अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना मनाई होती, आणि एका दिवशी माणसं रांगेने चालत गेली आणि पाणी प्यायली. डॉरीनने सगळं ऐकून घेतलं, आणि वीस मार्चला सुकाणूवर मी बसेन, असं सांगून टाकलं. विजयाताई दुसऱ्यांदा येऊन गेल्या. या वेळी त्या मुद्दाम उन्हाच्या दिवशी आल्या, वायर काढून बसल्या, दोनदा चहा प्यायल्या. टक् टक् थांबलं नाही. जाताना म्हणाल्या, “बाबांना सांगते.”

वीस मार्चला आभाळ करडं होतं आणि वारा बोचरा. प्लॅस्टिकचा तंबू आदल्या दिवशीच काढला होता. बोट लहान, म्हणून आम्ही मोजकेच: काका, विजयाताई, ताई, डॉरीन आणि मी. बाकीची मंडळी धक्क्यावर निळे झेंडे घेऊन उभी होती. ताईंनी काकांना हात धरून आत घेतलं. जय भीम झाले. काकांच्या अंगावर इतके कपडे होते की केबिनच्या दारातून त्यांना तिरकं घ्यावं लागलं, आणि त्यावर ते म्हणाले की सत्याग्रही जाडा झाला तर असं होतं.

ताईंनी वायर काढली, दोर सोडले. इंजिनावर आम्ही बाहेर पडलो. कड्यांच्या पुढे गेल्यावर ताईंनी पुढचं लहान शीड उघडलं, इंजिन बंद केलं, आणि एकदम सगळं शांत झालं. शांततेत फक्त वारा, बोटीच्या अंगाला लागणारं पाणी, आणि टक् टक्.

मी काकांकडे बघत होते. ते गोल खिडकीतून पाण्याकडे बघत होते. पलीकडचा किनारा दिसत नव्हता.

ताईंनी दोरीला बादली बांधून पाणी काढलं, करडं, काचेसारखं थंड. पण विजयाताईंनी बादलीवर हात ठेवला. आधी उकळायचं. काका म्हणाले, उकळून तर घरी नळाचंही पितो. विजयाताई ऐकेनात. काकांनी वर सुकाणूवरच्या डॉरीनकडे, मग माझ्याकडे बघितलं.

“बघा. तळ्याचं पाणी पिऊ न देणारी आता फक्त माझी पोरगी उरली.”

विजयाताईंनाही हसू आवरलं नाही. पण पाणी उकळलं गेलंच. शेगडीची उष्णता, हीटरची उष्णता, आत चार माणसं. केबिन तापत गेली. काकांनी टोपी काढली. मग मफलर. मग एक कोट, दुसरा कोट. पाणी कोमट व्हायला वेळ होता. विजयाताईंच्या कपाळावर घाम आला, आणि त्या म्हणाल्या, “ताई, हीटर जरा कमी करा ना.”

ताईंचा हात बटणाकडे गेला. जन्माची सवय होती ती. बोटं बटणावर टेकली. मग त्यांनी हात मागे घेतला, उठल्या आणि वरची झडप उघडली. गार हवेचा झोत आत आला.

“कमी नाही करायचं,” त्या म्हणाल्या. “आज पूर्ण.”

या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

काकांनी मोजे काढले. आधी बाहेरचा जोड, मग आतला. हात समोर धरून त्यांनी बोटं उघडझाप केली. नखांखाली गुलाबी रंग होता. विजयाताईंनी ती बोटं आपल्या हातात घेऊन पाहिली आणि सोडली.

पाणी किटलीत काढलेलं होतं. विजयाताईंनी ती उचलली आणि काकांच्या ओंजळीवर तिरकी केली. काकांनी झटकन हात मागे घेतले.

“वरून नको,” ते म्हणाले.

किटली हवेत तशीच राहिली. डॉरीन वरून, सुकाणूवरून वाकून बघत होती. तिला वाटलं पाणी गरम असेल. आम्हाला मात्र कळलं. काकांच्या आजोबांनी आयुष्यभर वरून ओतलेलंच पाणी प्यायलं होतं, ओंजळ खाली आणि भांडं वर, मधे अंतर. विजयाताईंचा चेहरा उतरला. पण ताई आधीच उठल्या होत्या. त्यांनी फडताळातून सगळ्यांत मोठं पातेलं काढलं, ज्यात असोसिएशनची खिचडी होते ते, टेबलावर मधोमध ठेवलं, आणि किटलीतलं पाणी त्यात ओतलं.

काकांनी दोन्ही हात पाण्यात घातले. उघडे, कोपरापर्यंत बाह्या सारलेले. ओंजळ भरली, ओठांपर्यंत नेली, आणि ते प्यायले. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. ते त्यांनी कुणाला पुसू दिलं नाही.

मग विजयाताईंनी ओंजळ भरली. मग ताईंनी. मग मी. शेवटी ताई वर जाऊन सुकाणूवर बसल्या आणि त्यांनी डॉरीनला खाली पाठवलं. डॉरीनने हातमोजे काढले, थोडा वेळ पातेल्याकडे बघितलं, आणि आमच्यासारखेच दोन्ही हात बुडवले. प्यायल्यावर तिने ओठ पुसले आणि वर बघून ओरडून सांगितलं, “टेस्टी!”

काकांना ‘टेस्टी’ या नावाचा इतिहास माहीत नव्हता. त्यांनी नुसती मान डोलावली, बरोबर आहे, अशा अर्थाने.

परत येताना काका खिडकीशी बसले होते, हात टेबलावर उघडे ठेवून, जणू ते वाळत घातले होते. धक्क्यावरचे निळे झेंडे दिसायला लागले. विजयाताईंनी मोजे पुढे केले. काका म्हणाले, धक्का आला की घालतो. टक् टक् चालूच होतं. वरची झडप उघडी होती, आणि तिच्यातून केबिनची ऊब बाहेर, तलावावर जात होती.